पासंग

बाबांच्या पेटीत एक किलोचं वजन आहे,
पितळेचं, लाल मखमलीच्या खळग्यात.
त्यानं कधी तूर मोजली नाही, गूळ नाही, कापूस तर नाहीच.
हात लावायचा तर आधी फडकं.
"मालाले लागलं का झिजलं," बाबा म्हणत,
"अन् झिजलं थे साक्ष कायची देईन?"

चाळीस वर्षं त्यांनी बाजारोबाजार काटे दुरुस्त केले.
जिनिंगचे, किराण्याचे,
सोनाराचा एक, श्वासानंही हलणारा.
काटा झुकलाच, तर हलक्या पारड्याखाली
शिशाचा तुकडा बांधायचा, नाहीतर नुसता खडा.
पासंग.

माझी नोकरी समजावून सांगायला मला हीच पेटी लागते.
वर एक डोळा आहे, सातशे किलोमीटरवर.
आमचा तालुका पाहून जातो:
बेंबळेचं पात्र, पऱ्हाटीच्या ओळी, गिट्टीची खदान.
ऊन त्यालाही लागतं.
वर्षागणिक मंदावतो,
आणि मंदावलेल्याला ते कळत नाही.
मागच्या भादव्यात माझ्या पडद्यावर
नांदगावपासून चांदूरपर्यंत सोयाबीन पिवळं.
सोयाबीन पिवळं पडलं,
की डोळाच पिवळा पडला?
शेताला विचारावं, तर शेत रोज निराळं.

म्हणून महिन्यातून एकदा तो कोलांटी घेतो,
आपल्याकडे पाठ करतो
आणि चंद्राकडे पाहतो.
ऐन पुनवेला नाही; तेव्हा चंद्र एकदम उसळून उजळतो,
लग्नघरातल्या मामासारखा.
सात अंश अलीकडे, किंवा पलीकडे.
तिथे वारा नाही. वखर नाही, निंदण नाही,
कुणी काही पेरलं नाही.
खरं तर तो जुन्या डांबरी सडकेएवढाच काळा,
भोवतीची रात्र त्याहून काळी, म्हणून आपल्याला चांदी वाटते.
त्याचं जवळ येणं, लांब जाणं, मान डोलावणं
सगळं वहीत मांडलेलं.
वहीत जेवढा उजेड, तेवढा डोळ्यात यायला हवा.
त्या वेळी शंभरात दोन कमी आला.
दोन बांधले पारड्याखाली, आकड्यांचे.
बरंचसं सोयाबीन हिरवं झालं.
सगळं नाही.

यंदा पुनवेच्या आदल्या दिवशी घरी गेले.
सेवाग्रामला बाबांचा उजवा डोळा झाला होता,
डावा दिवाळीनंतर.
अंगणात बाजेवर बसून
एकदा हा डोळा झाकत, एकदा तो.
"इकून पांढरा, निय्या झाक मारते.
इकून जुन्या तुपासारका.
कोनता खरा वं?"
"चंद्र तोच आहे, बाबा."
"थे समजते मले. डोया किती फसवत होता थे इचारून राह्यलो.
शंभरात किती?"

मग पेटी मागवली.
बल्बखाली वजन धरलं, डावा डोळा झाकून,
आणि बराच वेळ बोलले नाहीत.
कडेला हिरवट गंज, नखाएवढा.
दर दसऱ्याला पुसत होते. दिसला नव्हता.
"अमरावतीले नेऊ. सरकारी वजनासंगं लावून पाहू."
फडक्यात गुंडाळून ठेवलं,
पेटी मात्र उघडीच.

वहिनी जेवायला हाक मारून गेली, दोनदा.
"अन् तुहा चंद्र?
त्याले कोनासंगं लावतेत?"

मी सांगितलं, जे खरं आहे ते:
तो झिजत नाही एवढं ठाऊक आहे.
नेमका किती उजळ, यावर अजून काम चालू आहे,
आकडा थोडा इकडे-तिकडे होतो.

बाबा हसले, चष्मा काढून हसले.
"म्हंजे वजन हाये,
शिक्का नाई."

आणि पुन्हा डावा डोळा झाकला.